उसवलेले टाके

"बाबा, तुम्ही नुसतं 'सरकारी डॉक्टर होतो' असं म्हणा," सुरुची सासऱ्यांना म्हणाली. "ते काही खोटं नाही."

"आणि कुठे होतात, असं विचारलं तर?"

"पुण्यात."

"पुण्यात मी शेवटची दोन वर्षं होतो. त्याआधी काय, भाजी विकत होतो?"

उर्जा ओट्यापाशी उभी राहून क्वार्कमध्ये साखर फेटत होती. हाताने, कारण आज रविवार होता, आणि रविवारी मिक्सर लावला की खालच्या मजल्यावरच्या केलरबाई झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या. जर्मनीतल्या बॉबलिंगेनमध्ये आल्यापासून तिच्या आईने, सुरुचीने, सगळ्याशी जुळवून घेतलं होतं, श्रीखंडासाठी चक्क्याऐवजी क्वार्क वापरण्याशीसुद्धा. रविवारच्या या सक्तीच्या शांततेशी मात्र तिचं अजून भांडण होतं. एरवी मिक्सरवरून तिने दहा मिनिटं बडबड केली असती. आज तिला तेवढी उसंत नव्हती.

"सुरुची, त्यांना चहा तरी नीट पिऊ दे," उर्जाचा बाबा म्हणाला.

"अहो, तुम्ही मध्ये पडू नका. विषय निघायला नको असं काल तुम्हीच म्हणालात."

"विषय निघायला नको म्हटलं. आल्झो, म्हणजे... खोटं बोला असं नाही म्हटलं."

"मग खोटं न बोलता तो कसा टाळायचा, ते तुम्ही सांगा ना."

नितर्शनचे आईवडील आज पहिल्यांदाच घरी यायचे होते. दिवाळीतल्या रडारडीनंतर आईने एकदाचा उर्जा आणि नितर्शनच्या लग्नाला होकार दिला होता, आणि आता ती हे लग्न पार पाडायला अशी उभी ठाकली होती की जणू ते तिनेच जमवलं होतं.

विषय म्हणजे जाफना. सत्त्याऐंशी साली श्रीलंकेतल्या यादवीत भारताची शांतिसेना उतरली, तेव्हा आजोबा लष्करी सर्जन म्हणून तिच्याबरोबर गेले. वर्षभराहून जास्त तिथे राहिले. शांतिसेना शांतीसाठी गेली आणि दोन महिन्यांत लढाईत ओढली गेली, एवढंच ते घरी सांगायचे. नितर्शनचे आईवडील जाफनाचेच. लढाईतून निघून, निर्वासित म्हणून ते जर्मनीत आले, र्युसेल्सहाइमला राहिले, आणि तिथेच नितर्शन जन्मला.

गार्चिंगला विद्यापीठाच्या कँटीनमध्ये एकदा जेवताना नितर्शनने उर्जाला मामाची गोष्ट सांगितली होती. "मामाची जखम छान शिवलेली होती. इंडियन आर्मीच्या डॉक्टरने ते टाके कापून टाकले आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. अम्मा तेव्हा पंधरा वर्षांची होती. आमच्याकडे ही गोष्ट इतक्या वेळा सांगून झालीय की मी झोपेतही सांगीन." उर्जाने काटा खाली ठेवला होता. त्याच संध्याकाळी तिने त्याला आजोबांबद्दल सांगून टाकलं. तो म्हणाला, "पहिल्याच भेटीत नको. आधी त्यांना तुम्ही सगळे आवडा."

घरी तिने टाक्यांचं काही सांगितलं नव्हतं. मामा लढाईत गेला, एवढंच. आजोबांना विचारावं असं तिच्या कितीदा मनात आलं. तिला सगळं विचारायची सवय होती. लॅबमध्ये तिचे गाईड तिला हसून 'फ्राऊ वारूम', म्हणजे 'का-बाई', म्हणायचे. पण विचारलं की उत्तर ऐकावं लागतं, आणि हे उत्तर तिला आपल्याच घरात ऐकायचं नव्हतं.

"ठीक आहे," आजोबा कप खाली ठेवत म्हणाले. "हुकूम आहे तर हुकूम. आज गणवेश नाही, सिव्हिलमध्ये राहतो."

*

पाहुणे, नितर्शन आणि त्याचे आईवडील, वेळेवर आले. दारात बुटांचा ढीग झाला. पुष्पराणी आंटी ठेंगण्या, जाड हिवाळी जाकिटाखाली गर्द जांभळी रेशमी साडी नेसलेल्या. शिवनेसन अंकल एक पाय जरा ओढत चालणारे, हातात डबा घेतलेले. डबा उघडल्याबरोबर आई मराठीतच ओरडली, "अगं बाई, हे तर आपले मुगाचे लाडू!" आणि पुष्पराणी आंटी एक अक्षर न कळता हसल्या.

तिथून पुढे सगळं इतकं सुरळीत चाललं की उर्जालाच भीती वाटायला लागली. दोन्ही घरांचं जर्मन सारखंच मोडकं, त्यामुळे कुणाला कुणाची लाज नव्हती. आजोबांना जर्मन येत नव्हतं. त्यांच्या शेजारी स्टूल ओढून उर्जा त्यांना मराठीत सांगत बसली, आणि ते बोलले की जर्मनमध्ये पाहुण्यांना. अंकल पार्सलच्या डेपोत कामाला होते. ऑटोबानवरची खोदकामं, पेन्शनचे नियम, मुलं घरी जर्मनमध्येच उत्तर देतात ही तक्रार. दोन्ही आया या शेवटच्या मुद्द्यावर लगेच एक झाल्या.

"नितर्शनला मी तमिळमध्ये सांगते, जेवायला ये. तो म्हणतो, ग्लाइश! आलोच!"

"गेनाऊ, अगदी! हीपण तेच! ग्लाइश म्हणजे काय, तर एक तासाने."

"अम्मा, मी इथेच बसलोय," नितर्शन म्हणाला.

मग अंकलनी आजोबांकडे बघून विचारलं, "आणि आजोबा? त्यांनी काय काम केलं?"

उर्जा तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "सर्जन. सरकारी. पुण्यात."

"सर्जन!" अंकलनी मान आदराने झुकवली. पुष्पराणी आंटींनी स्वतः उठून आजोबांच्या ताटात आणखी एक कोथिंबीर वडी वाढली. आजोबांनी वडीकडे पाहिलं आणि ती खाल्ली नाही.

जेवणं अर्ध्यावर होती. अंकल भातासाठी उठायला गेले. सोफा खोल होता. उठता उठता त्यांची पोटरी धरली. त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि हात टेबलाच्या कडेवर आपटला. आजोबा अर्धवट उठले, हात पुढे केला, आणि म्हणाले,

"नोगुदा?"

"ओम, कोंजम," अंकल म्हणाले, आणि तसेच थांबले, अर्धे उभे, अर्धे वाकलेले.

उर्जाला दोन्हींतलं काही कळलं नाही. तिने नितर्शनकडे पाहिलं. त्याचा चेहरा पाहून तिला कळलं की गेलं, सगळं गेलं.

"त्यांनी विचारलं, दुखतंय का," नितर्शन हळू आवाजात म्हणाला. "आणि आप्पा म्हणाले, हो, थोडं."

पुष्पराणी आंटींनी ताट खाली ठेवलं. "चेन्नईची माणसं असं विचारत नाहीत," त्या जर्मनमध्ये सावकाश म्हणाल्या. "त्यांचा शब्द वेगळा. हा आमच्याकडचा आहे. पुण्यात हा कुणी शिकवला?"

उर्जाने ते मराठीत सांगितलं. आजोबांनी एकदा सुनेकडे पाहिलं. रागाने नाही, रजा मागावी तसं. मग ते स्वतःच इंग्रजीत म्हणाले, एकेक शब्द सुटा करत, "जाफना. सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. भारतीय लष्कर. सर्जन."

आंटी उठल्या आणि थेट दारालगतच्या बोळात, बुटांच्या ढिगापाशी गेल्या. नितर्शन त्यांच्या मागे धावला.

"ते फक्त डॉक्टर होते!" बाबा जर्मनमध्ये जवळजवळ ओरडलाच. "त्यांनी कधी कुणावर बंदूक..."

"हृषी, गप्प बस," आजोबा मुलाला म्हणाले. त्यांना शब्द कळले नव्हते, सूर कळला होता.

बोळातून आंटींचं उत्तर आलं. चढ्या आवाजात, न थांबता. आजोबांनी उर्जाकडे पाहिलं.

"त्या म्हणाल्या... त्यांना फार वाईट वाटलं."

"एवढंच? वाक्य लांब होतं."

आई डोळ्यांनी खुणावत होती, नको, नको. "त्या म्हणाल्या, गणवेश एकच होता. एक हात गोळ्या घालायचा, दुसरा पट्ट्या बांधायचा, आणि आम्ही दोन्हींचे उपकार मानायचे? त्या म्हणाल्या, माझा भाऊ तुमच्या डॉक्टरनेच मारला."

आजोबांनी मान हलवली. "आता इथून पुढे जसं असेल तसं सांग. त्यांचं मला, आणि माझं त्यांना. त्यातलं एक अक्षर कमी करायचं नाही."

"आजोबा, माझं लग्न..."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "म्हणून तर."

*

शिवनेसन अंकल गेले नव्हते. ते परत सोफ्यावर बसले होते, आणि आता त्यांनी वाकून उजव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत वर गुंडाळली. पोटरीवर हातभर वाटावी अशी खोलगट, चकचकीत खूण होती.

"तुम्ही सर्जन आहात ना?" ते म्हणाले. "मग मला सांगा. मी एकोणीस वर्षांचा होतो. सायकलवर होतो, तोफगोळ्याचा तुकडा लागला. कुणाचा ते मला माहीत नाही. तुमच्या जवानांनी उचलून शाळेतल्या हॉस्पिटलात नेलं. तुमच्या डॉक्टरने आधी मांस कापलं. मी म्हटलं, ठीक आहे, आता शिवेल. तर शिवलं नाही! भोक तसंच. वर कापडाची जाळी घातली आणि चटईवर टाकलं. कुत्र्यालासुद्धा टाके घालतात. मला का नाही?"

उर्जाने सगळं सांगितलं, कुत्र्यासकट.

"सुरुची, माझा चष्मा," आजोबा म्हणाले. टेबलाची कड धरून ते खाली जमिनीवर बसले. ऐंशी वर्षांच्या माणसाला खाली बसायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. त्यांनी खुणेच्या कडेकडेने अंगठा दाबत नेला.

"टाके पडले आहेत की. लांब लांब. हे कधी घातले?"

"पाचव्या-सहाव्या दिवशी. दुसऱ्या डॉक्टरने."

"जाळी काढली तेव्हा आतलं मांस कसं दिसत होतं?"

अंकलनी डोळे मिटले. "लाल. ओलं आणि लाल."

"वास?"

"नाही."

"मग त्याने बरोबर केलं," आजोबा म्हणाले. "तो मी होतो की नाही, सांगता येणार नाही. आम्ही सगळे एकाच पुस्तकातून शिकलो. तुकडा आत शिरतो तो एकटा शिरत नाही. माती नेतो, पँटचं कापड नेतो, शेण नेतो. मांस मरतं. ते मेलेलं सगळं कापायचं. किती? चिमट्यात धरलं की मांस आकसलं पाहिजे आणि कापलं की रक्त आलं पाहिजे, तिथपर्यंत. आणि मग शिवायचं नाही. घरातल्या सुरीने कापलेलं बोट लगेच शिवतात. लढाईतली जखम उघडी ठेवतात, घाण निचरू देतात, आणि चारपाच दिवसांनी लाल दिसली तरच शिवतात. लगेच शिवली तर घाण आत कोंडली जाते."

उर्जा वाक्यामागून वाक्य जर्मनमध्ये नेत होती. शब्द अडला की साध्या शब्दांत सांगत होती. हवा मिळाली नाही की वाढणारे जंतू तिला चांगले माहीत होते. कॉलेजमध्ये तिने ते बंद काचेच्या डबीत वाढवले होते. 'कोंडली जाते' हे शब्द जर्मनमध्ये तोंडातून बाहेर पडले, आणि त्याच क्षणी पुढे मामाच्या शिवलेल्या जखमेचा प्रश्न येणार हे तिला कळलं. तो यायला नको होता.

"तुम्हाला हे कुणी सांगितलं नाही?" आजोबांनी विचारलं.

"कोण सांगणार? तुमच्या डॉक्टरला तमिळचे चार शब्द येत होते. दुखतंय का. श्वास सोडा. भिऊ नका." अंकल थांबले. "माझ्या शेजारच्या चटईवर एक मुलगा होता. माझ्याच वयाचा, मांडीला लागलेला. त्याची जखम घरून शिवून आली होती. काय सुंदर टाके होते! शर्टाच्या काजासारखे. मला त्याचा हेवा वाटायचा. मग डॉक्टर आला आणि कात्रीने ते सगळे कापून टाकले. तो ओरडत होता. दुसऱ्या दिवशी तो गेला. मला बरं वाटल्यावर मी त्याच्या घरी निरोप घेऊन गेलो." त्यांनी बोळाकडे बोट केलं. "हिला तिथेच पहिल्यांदा पाहिलं. तो हिचा भाऊ."

आई खुर्चीत खाली बसली. आजोबांनी खुणेवरचा हात काढला नाही. उर्जाला वाटलं, त्यांनी आता काहीतरी गोड बोलून हे मिटवून टाकावं. मग वाटलं, तसं केलं तर आपल्यालाच ते सहन होणार नाही.

"मांडी सुजली होती?" आजोबांनी विचारलं.

"खूप."

"आणि वास?"

अंकलचा हात नाकाकडे गेला. "होता," ते म्हणाले. "टाके कापायच्या आधीपासून होता. आम्ही तोंडं फिरवून झोपायचो."

नितर्शनने सांगितलेल्या गोष्टीत वास नव्हता. उर्जाला खात्री होती. काजासारखे टाके होते, कात्री होती, ओरडणं होतं. वास कधीच नव्हता.

*

पुष्पराणी आंटी दारात उभ्या होत्या. अंगात जाकीट, एका पायात बूट. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"टाके माझ्या वडिलांनी घालून घेतले," त्या म्हणाल्या. "बाहेर कर्फ्यू होता. वडील सायकलवरून कंपाउंडरला घेऊन आले. गोळी लागली असती दोघांना. त्याने घरी, आमच्या जेवणाच्या टेबलावर शिवलं. मी दिवा धरला होता. शेजारच्या बायका म्हणाल्या, किती नीट शिवलंय." त्यांनी आजोबांकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच सरळ त्यांना उद्देशून बोलल्या. "म्हणजे माझ्या वडिलांनी मारलं त्याला? असं म्हणताय तुम्ही?"

नितर्शन आईच्या मागे उभा होता. त्याने उर्जाकडे पाहून हलकेच मान हलवली: वाटलं तर बदल. बाबाही तिच्याकडेच बघत होता. या खोलीत आजोबा आणि आंटींना एकमेकांचं कळायचं ते फक्त तिच्यातून, आणि हे वाक्य ती हवं तसं मऊ करू शकली असती.

"आजोबा, त्या विचारतायत, म्हणजे माझ्या वडिलांनी त्याला मारलं का," उर्जा म्हणाली.

"नाही." आजोबांनी क्षणाचाही विचार केला नाही. "तुमच्या वडिलांनी तोफ डागली नव्हती."

तिने ते सांगितलं. आंटी हलल्या नाहीत.

"टाके कुणी घातले आणि कुणी कापले, त्यावर आम्हा डॉक्टरांनी भांडावं," आजोबा पुढे म्हणाले. "तोफा तुमच्या गावात आणल्या त्यांनी त्याला मारलं. त्यांतल्या बऱ्याच आमच्या होत्या. मी त्याच सैन्यात होतो, पगार तिथलाच घेत होतो. ते मी नाकारत नाही."

"न शिवता आणला असता तर वाचला असता?"

"मला माहीत नाही. माहीत असल्यासारखं सांगितलं तर ते खोटं होईल. मांडीतून रक्त जोरात वाहतं. वडिलांनी ते शिवून थांबवलं नसतं, तर कदाचित हॉस्पिटलपर्यंतही पोचला नसता. आपल्या मुलाचं रक्त वाहत असताना कुठला बाप जखम उघडी ठेवील? मला ते अभ्यास करून, परीक्षा देऊन शिकावं लागलं. आणि माझ्या मुलाला लागलं असतं ना," त्यांनी बाबाकडे मान वळवली, "तर मीसुद्धा आधी सुईदोराच शोधला असता."

उर्जाने शेवटच्या शब्दापर्यंत सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज दोनदा फाटला आणि तिने तो तसाच जाऊ दिला.

आंटी नवऱ्याकडे वळून तमिळमध्ये काहीतरी म्हणाल्या. अंकल पँट खाली ओढत, खाली बघत पुटपुटले.

"अम्माने विचारलं, वासाचं मला कधी का नाही सांगितलंस," नितर्शन उर्जाच्या कानाशी म्हणाला. "आप्पा म्हणाले, निरोप द्यायला आलो तेव्हा तुझी आई समोर बसली होती. तिच्यासमोर ते कसं बोलणार? आणि मग एकदा सोडून दिलं ते सुटलंच."

खाली आजोबा उठायची खटपट करत होते. त्यांना जमत नव्हतं. बाबा एका बाजूने धावला. दुसऱ्या बाजूने अंकलनी, पोटरी सांभाळत, काखेत हात घातला. दोघांनी मिळून त्यांना वर काढलं तेव्हा तिघंही धापा टाकत होते.

"सांभाळून," आजोबा हसले. "आता मलाच विचारा, दुखतंय का."

कुणी मोठ्याने हसलं नाही, पण अंकलनी लगेच हात काढून घेतला नाही.

आई दाराशी गेली. "पुण्याचं मी सांगितलं," ती आंटींना म्हणाली. "त्यांची इच्छा नव्हती. मी भाग पाडलं."

आंटी तिच्याकडे वळल्या. "मीही हेच केलं असतं," त्या म्हणाल्या. "मला वाटतं, याहून जास्त खोटं बोलले असते."

"थोडा भात तरी..."

"नको. आज मला जेवण जाणार नाही." त्यांनी कपाळावरचे केस मागे सारले. मग उर्जाकडे वळून, जर्मनमध्ये, प्रत्येक शब्द नीट पोचावा अशा बेताने बोलल्या. "आजोबांना सांग. पुढच्या रविवारी आमच्याकडे या. सगळे या. बैठकीच्या खोलीत माझ्या भावाचा फोटो आहे. ते आधी त्याच्यासमोर बसतील. मी तिथे असेन. माझ्या वडिलांबद्दल जे आता बोलले, ते तिथे पुन्हा बोलतील. त्यानंतर तुमच्या लग्नाचं बोलू. त्याआधी मला काही विचारू नका. तू नाही आणि नितर्शननेही नाही."

उर्जाने सांगितलं. आपल्याच लग्नाची अट स्वतःच्या तोंडाने मराठीत सांगताना तिला आश्चर्य वाटलं, की आवाज या वेळी फाटला नाही.

"येईन," आजोबा म्हणाले. ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. "त्याचं नाव काय?"

उर्जा भाषांतरासाठी वळली, पण त्याची गरज पडली नाही.

"ञानसीलन," आंटी म्हणाल्या.

"ज्ञानशीलन."

"नाही. ञान. ञानसीलन."

"न्यान," आजोबा म्हणाले. "न्यान-शीलन."

"सी."

त्यांनी पुन्हा म्हटलं, सावकाश, ओठ नीट हलवत, आणि पुष्पराणी आंटींनी या वेळी ते दुरुस्त केलं नाही.